दहावीनंतर गणित ठेवायचं की सोडायचं, आणि ठेवलं तर कुठलं घ्यायचं

दहावीचा निकाल लागला की घराघरात सायन्स की कॉमर्स एवढीच चर्चा चालते आणि गणिताचं काय करायचं हा प्रश्न त्यात कोणी वेगळा काढतच नाही. सायन्स घेतलं की गणित आपोआप येणार असं धरून चालतात, कॉमर्स घेतलं की वरच्या वर्गातली कोणीतरी ताई सांगते "एसपी घे गं, स्कोअरिंग आहे" (एसपी म्हणजे गणिताऐवजी घेता येणारा सेक्रेटरीअल प्रॅक्टिस हा विषय), आर्ट्सवाल्यांना तर कोणी विचारतच नाही. मी नववी ते बारावीला गणित शिकवते आणि दर जूनमध्ये माझं पालकांना हेच सांगणं असतं की स्ट्रीम कुठली हे ठरवायच्या आधी किंवा निदान त्याच्यासोबत तरी गणिताचा निर्णय वेगळा घ्या, कारण गणित सोडायला फॉर्मवरची एक टिक पुरते आणि परत मिळवायला मुलांचं अख्खं वर्ष जातं.

आधी कुठे कुठलं गणित मिळतं ते बघू. आपल्या महाराष्ट्र राज्य बोर्डात दहावीपर्यंत सगळ्यांना एकच गणित, भाग एक म्हणजे बीजगणित आणि भाग दोन म्हणजे भूमिती, दोन्हीचा 40-40 मार्कांचा पेपर आणि 20 मार्क इंटर्नल. खरे फाटे अकरावीला फुटतात. सायन्स आणि आर्ट्सला मिळून एक गणित आहे आणि कॉमर्सचं गणित हा पूर्ण वेगळा विषय आहे, पुस्तकं वेगळी, बारावीला विषय कोडसुद्धा वेगळा, सायन्स-आर्ट्सचा 40 आणि कॉमर्सचा 88. आर्ट्सला गणित घेता येतं हे किती पालकांना माहीत असतं देव जाणे, सगळी कॉलेजं तो ऑप्शन देत नाहीत हे खरं, पण पुढे इकॉनॉमिक्स किंवा सायकॉलॉजी करायची इच्छा असेल, ज्यात स्टॅटिस्टिक्स डोक्यावर येऊन बसतं, तर असं कॉलेज शोधायला दोन दिवस घालवले तर ते वाया जात नाहीत.

सीबीएसईला फाटा एक वर्ष आधीच फुटतो. 2020 च्या बोर्ड परीक्षेपासून दहावीला मॅथ्स स्टँडर्ड आणि मॅथ्स बेसिक असे दोन पेपर आहेत, पोर्शन एकच, वर्गातलं शिकवणं एकच, इंटर्नलही एकच, फक्त बोर्डाच्या पेपरची लेव्हल वेगळी. बेसिकवाल्याला अकरावीत रेग्युलर मॅथ्स नाही, घ्यायचंच तर ॲप्लाइड मॅथ्स, असा मूळ नियम होता, नंतर त्यात सवलती आल्या, म्हणून तुमच्या वर्षाला काय आहे ते शाळेत विचारून घ्या. माझं मत विचाराल तर मुलगा किंवा मुलगी खरंच पास होण्याच्या काठावर नसेल तर स्टँडर्डच भरा, दहा मार्क कमी पडले तरी चालतील. बेसिक घेऊन टक्के थोडे फुगतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या मनात "मला गणित जमत नाही" हे मात्र कायमचं पक्कं होऊन बसतं. ॲप्लाइड मॅथ्स वाईट नाही, कॉमर्सच्या मुलांना उपयोगाचं आहे, पण इंजिनीअरिंग, फिजिक्स, शुद्ध गणित यातलं काही डोक्यात असेल तर रेग्युलरच घ्यायचं. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत हाच प्रश्न एए (ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस) आणि एआय (ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन) या नावांनी येतो आणि उत्तरही जवळपास हेच, इंजिनीअरिंगकडे जायचं असेल तर एए, आणि शक्यतो हायर लेव्हल.

आता ठरवायचं कसं. उलटं ठरवायचं, म्हणजे बारावीनंतर मूल कुठे कुठे जाऊ शकतं ते आधी मांडायचं आणि तिथे गणित लागतं का ते बघायचं. पंधराव्या वर्षी मुलांना एकच एक करिअर सांगता येत नाही आणि सांगायची गरजही नाही, तीन-चार शक्यता पुरेत.

इंजिनीअरिंगचं सगळ्यांना माहीत आहे, तरी एक गोष्ट सांगते जी बऱ्याच पालकांना फॉर्म भरताना कळते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपचा पेपर 200 मार्कांचा, त्यात गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 मार्कांचे, म्हणजे अर्धे मार्क एकट्या गणिताचे, फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून उरलेले अर्धे. गणिताला वेळ 90 मिनिटं. तेव्हा "फिजिक्स-केमिस्ट्री चांगलं आहे, गणित कसंबसं निघेल" म्हणून पीसीएम घेणं म्हणजे सरळ सरळ पर्सेंटाइलवर पाणी सोडणं आहे. आर्किटेक्चरला बारावीला गणित लागतं, चित्रकला कितीही चांगली असली तरी, आणि दरवर्षी पीसीबी (गणिताऐवजी बायो) किंवा आर्ट्स घेऊन बसलेली एखादी सुंदर स्केच करणारी मुलगी भेटतेच जिला हे बारावीच्या डिसेंबरमध्ये कळतं. फार्मसीचं वेगळं आहे, बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित किंवा बायो काहीही चालतं.

एनडीएबद्दल, म्हणजे बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायच्या प्रबोधिनीबद्दल, थोडं सविस्तर लिहिते कारण गावाकडून सगळ्यात जास्त विचारणा याचीच येते, आणि 2021 पासून मुलींनाही परीक्षा खुली झाल्यापासून आणखी वाढलीय. आर्मी विंगसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते, एअरफोर्स आणि नेव्हीसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. हे वाचून लोक म्हणतात चला मग आर्ट्स घेऊ आणि आर्मीत जाऊ. पण लेखी परीक्षेत 900 पैकी 300 मार्कांचा पेपर पूर्ण गणिताचा आहे, आणि ते गणित दहावीचं नाही, मॅट्रिक्स, डिटरमिनंट, कॅल्क्युलस, व्हेक्टर, सगळं अकरावी-बारावीचं. म्हणजे पात्रतेत गणित नाही आणि पेपरात एक तृतीयांश गणित आहे. जे मूल खरंच गणवेशाचं स्वप्न बघतंय त्याला गणित सोडू देऊ नका, शाखा कुठलीही असो. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत, म्हणजे सगळे ज्याला एसपीआय म्हणतात तिथे, दहावीनंतर मुलं घेतात आणि दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेतात, 1977 पासून ती संस्था चालू आहे, तिच्या प्रवेश परीक्षेची तयारी दहावीतच करावी लागते हे लक्षात ठेवा.

शुद्ध विज्ञानाकडे जाणाऱ्यांनी पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचा विचार करा. तिथल्या ॲप्टिट्यूड टेस्टला 60 प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स प्रत्येकी 15, म्हणजे बायोलॉजी आवडणाऱ्या मुलालाही गणिताचे 15 समोर येतातच. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट, बी.मॅथला बारावीला गणित हवंच. आणि दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला जायचं असेल तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेत मॅथ्सचा पेपर द्यावाच लागतो, कॉमर्सची हुशार हुशार मुलं इथेच अडकतात.

हे झालं बाहेरचं. आता मुलाकडे बघू, कारण दरवाजा उघडा असून उपयोग काय जर आत जाऊन दोन वर्षं रडायचंच असेल.

दहावीच्या मार्कांवरून अकरावीचं गणित झेपेल का हे कळत नाही, हे मी अगदी जबाबदारीने सांगते. दहावीचा पेपर बराचसा पुस्तकाच्या वळणाने येतो, सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह तीन वेळा सोडवलेल्या मुलाला 90 च्या वर पडतात आणि ते त्याच्या मेहनतीचे असतात, त्याबद्दल वाद नाही. पण अकरावीत पाठ केलेला नमुना फार लांब नेत नाही. म्हणून मी मुलांना एक कोरा कागद देते आणि काही साधे प्रश्न घालते, तुम्हीही घरी करू शकता, फोन बाजूला, अर्धा तास, आणि कोणी डोक्यावर उभं राहायचं नाही.

पहिला, एक छेद एक्स अधिक एक तृतीयांश बरोबर एक द्वितीयांश, तर एक्स किती. दुसरा, दोन संख्यांची बेरीज 7 आणि गुणाकार 10 आहे, त्या संख्या न शोधता त्यांच्या वर्गांची बेरीज सांग. तिसरा, दुकानदाराने किंमत 20 टक्क्यांनी वाढवली आणि मग 20 टक्के सूट दिली, फायदा की तोटा, आणि असं का होतं ते तुझ्या शब्दांत लिही. चौथा, 30 अंशाच्या टॅनची किंमत तक्ता न आठवता त्रिकोण काढून दाखव. उत्तरं 6, 29, 4 टक्के तोटा, आणि एक छेद वर्गमूळ 3. यात आठवी-नववी-दहावीच्या बाहेरचं काहीही नाही.

पण उत्तर बरोबर आलं का हे दुय्यम आहे. अडल्यावर पुढची पाच मिनिटं मूल काय करतं ते बघा. जे मूल काहीतरी खोडतं, आकडे घालून बघतं, आकृती काढतं, चिडून का होईना परत तिथेच येतं, त्याला 75 टक्के असले तरी सायन्सचं गणित जमणार. जे मूल पेन खाली ठेवून "हे आम्हाला शिकवलं नाही" म्हणतं त्याला 96 असले तरी आधी सवय बदलावी लागेल, बदलते ती, पण सुट्टीत बदलायला घ्यावी लागते. तिसऱ्या प्रश्नाचं "असं का होतं" सगळ्यात बोलकं असतं, 20 टक्के वाढ जुन्या किमतीवर आणि 20 टक्के सूट नव्या वाढलेल्या किमतीवर, एवढं एक वाक्य जो स्वतः लिहितो त्याला गणित कळतंय.

एक चूक खास तपासा. एफ ऑफ एक्स म्हणजे एक्सचा वर्ग अधिक 1 असेल तर एफ ऑफ (ए अधिक एच) किती, हे अकरावीत पहिल्या सहामाहीत येतं. कितीतरी मुलं ए वर्ग अधिक एच वर्ग अधिक 1 लिहून मोकळी होतात, मधलं 2एएच गायब. हीच मुलं पुढे डेरिव्हेटिव्ह काढताना एफ ऑफ (ए अधिक एच) मधून एफ ऑफ ए वजा करून एचने भागतात आणि त्यांच्याकडे नुसता एच उरतो, खरं तर 2ए अधिक एच उरायला हवं, मग लिमिट घेतल्यावर उत्तर शून्य येतं आणि त्यांना वाटतं कॅल्क्युलस फार अवघड आहे. कॅल्क्युलस अवघड नाहीये, आठवीच्या विस्तार सूत्रांची बोंब आहे. हे मे महिन्यात पंधरा दिवसांत दुरुस्त होतं, ऑक्टोबरमध्ये होत नाही कारण तोपर्यंत रोज नवीन धडा येत असतो.

कॉमर्सवाल्यांनी इथून पुढचं नीट वाचा

आपल्याकडे कॉमर्सला बीके (बुक-कीपिंग), ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), इको (इकॉनॉमिक्स) आणि त्यासोबत बहुतेक कॉलेजात एसपी किंवा मॅथ्स असा पर्याय असतो. एसपी हा थिअरीचा विषय, पाठ करून मार्क पडतात, आणि म्हणून झुंडीने तिकडे जातात. ज्यांना कंपनी सेक्रेटरी व्हायचंय त्यांना त्यात रस असू शकतो, त्यांना मी अडवत नाही. पण "मॅथ्स नको कारण सायन्ससारखं अवघड" हे कारण असेल तर आधी कॉमर्सच्या गणिताचं पुस्तक हातात घेऊन चाळा. बारावीच्या पहिल्या भागात लॉजिक, मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आहे, ते सायन्सपेक्षा बरंच हलकं, ट्रिग्नॉमेट्रीचं ओझं नाही. आणि दुसऱ्या भागात काय आहे बघा, कमिशन-ब्रोकरेज-डिस्काउंट, इन्शुरन्स आणि ॲन्युइटी, लिनिअर रिग्रेशन, टाइम सिरीज, इंडेक्स नंबर्स, असाइनमेंट प्रॉब्लेम. हे सगळं उद्या नोकरीत रोज लागणारं आहे, ईएमआय कसा बसतो, महागाईचा निर्देशांक कसा काढतात, चार माणसांना चार कामं कशी वाटली की खर्च कमी येतो. आमच्याकडच्या मुलांना हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सोपा वाटतो आणि मार्कही त्यातच जास्त मिळतात.

आणि सीए करायचंय म्हणता ना, तर सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड, 100 मार्कांचा, बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्स, ऑब्जेक्टिव्ह आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. एसपी घेतलेलं मूल हा पेपर काढू शकत नाही असं नाही, काढतात, पण दोन वर्षांचा गॅप घेऊन क्लासमध्ये शून्यापासून बसतात. ॲक्चुअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशोब करणारा तज्ज्ञ, व्हायचं असेल तर प्रवेश परीक्षेतच मॅथ्स-स्टॅटचा मोठा भाग आहे, तिथे एसपीचा काही उपयोग नाही. बँकेच्या परीक्षा, एमबीएच्या परीक्षा, सगळीकडे आकडे आहेतच.

इथे मला मुलींबद्दल एक स्पष्ट सांगायचंय. मुलाने कॉमर्स घेतलं तर घरचे विचारतात मॅथ्स घेतोस ना, मुलीने घेतलं तर "कशाला डोक्याला ताप, एसपी घे" म्हणतात, आणि हे शिकल्यासवरल्या घरांत होतं. मुलीला नको असेल तर नको, पण नको हे तिने म्हणायला हवं, कागदावरचे ते प्रश्न सोडवून, पुस्तक चाळून, मग. मावशीने काकूने ठरवायची गोष्ट नाही ही.

सायन्सला पीसीएम, पीसीबी की चारही

पीसीबी घेऊन गणित सोडणाऱ्यांनी एवढं जाणून सोडा की गणित तुम्हाला सोडत नाही. राज्य बोर्डाच्या अकरावी फिजिक्सचा दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्स आहे, व्हेक्टर आणि थोडं कॅल्क्युलस, आणि पुढे फिजिक्समध्ये ते येत राहतं. नीटला फिजिक्समध्ये मार्क जातात ते बहुतेक वेळा गणितामुळे जातात. म्हणून मेडिकल नक्की असेल तर गणित विषय सोडा, हरकत नाही, पण लॉग, ट्रिग्नॉमेट्रीची सूत्रं, साधं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन एवढं शिकून घ्या, फिजिक्सच्या सरांकडूनच घ्या. आणि डॉक्टरकीचा नंबर लागला नाही तर पुढे काय, हा प्रश्न अकरावीच्या ॲडमिशनलाच विचारा, नंतर विचारला की उत्तरं कमी झालेली असतात.

पीसीएमबी म्हणजे दोन्ही ग्रुप. तालुक्याच्या बऱ्याच कॉलेजात हाच नेहमीचा सायन्स असतो, कारण इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स वगैरे बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय, तिथे नसतं, म्हणून तिथल्या मुलांना निवड नसतेच म्हणा. शहरात मात्र निवड असते आणि पालक "दोन्ही ठेवू, बघू पुढे" म्हणतात. दोन्ही ठेवायला माझी ना नाही, पण जेईई आणि नीट दोन्हीची पूर्ण तयारी एकाच वेळी हे फार थोड्या मुलांना जमतं आणि बाकीच्यांची झोप जाते. चार विषय ठेवा, पण एंट्रन्स एकच मुख्य धरा, आणि कुठली धरायची ते अकरावीच्या दिवाळीपर्यंत ठरवा. बायफोकल घेतलं तर लक्षात ठेवा तो 200 मार्कांचा विषय दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाची जागा घेतो, बायोची जागा गेली तर ठीक, गणिताची घालवू नका.

आता डिप्लोमा. हा रस्ता लोक कमी लेखतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकला ॲडमिशन, तीन वर्षं, पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथ्स, दुसऱ्याला ॲप्लाइड मॅथ्स, आणि पास झाल्यावर डिप्लोमाच्या टक्क्यांवर थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सीईटी नाही, जेईई नाही. ज्या मुलाचे हात चालतात, ज्याला यंत्र उघडून बघायचं असतं, पण जो नुसत्या थिअरीत कोमेजतो, त्याच्यासाठी हे उत्तम. अडचण एकच, दुसऱ्या वर्षाला बारावीवाल्यांच्या सोबत एम-थ्री, म्हणजे इंजिनीअरिंगचं तिसरं गणित, समोर येतं, लाप्लास ट्रान्सफॉर्म वगैरे, आणि बारावीची मुलं पहिल्या वर्षी एम-वन एम-टू करून आलेली असतात. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशन परत केलं की ही दरी बरीच भरते. आयटीआयलासुद्धा वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं, गणित कुठे चुकत नाही.

आठवी-नववीत असाल तर वेळ आहे, आणि मला वाटतं खरी निवड तिथेच होते. आठवीच्या स्कॉलरशिप परीक्षेचे जुने पेपर सोडवा, मार्कांसाठी नव्हे, तर अनोळखी प्रश्नाची सवय म्हणून. ज्याला गणिताची खरीच ओढ आहे त्याला ऑलिम्पियाडचा पहिला टप्पा, आयओक्यूएम, दाखवा, आठवी ते बारावीची मुलं देऊ शकतात, तीन तासांत 30 प्रश्न, आणि प्रत्येकाचं उत्तर 0 ते 99 मधला पूर्णांक असतं. जुने पेपर नेटवर फुकट आहेत. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पण गावात राहून जुना पेपर घेऊन आठवड्याला दोन प्रश्न सोडवणारं मूलही पुढे जातं. नववीत मात्र फाउंडेशन बॅचच्या नावाखाली अकरावीचा पोर्शन गळ्यात मारतात तो घेऊ नका, नववीचं मूल नववीच्या भूमितीतली सिद्धता स्वतः लिहायला शिकलं तर त्याचा फायदा जास्त आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी खास. दहावीपर्यंत वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, समरूपता म्हणणारं मूल अकरावीत पहिल्याच दिवशी क्वाड्रॅटिक, एपी, सिमिलॅरिटी ऐकतं आणि त्याला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. सगळं येत असतं. मे महिन्यात दहावीचंच इंग्रजी माध्यमाचं गणिताचं पुस्तक बालभारतीच्या साइटवरून फुकट उतरवा आणि आपलं पुस्तक शेजारी ठेवून उदाहरणं बघा, उदाहरणं तीच आहेत, पानही जवळपास तेच असतं, पंधरा दिवसांत कान तयार होतो. हे करायलाच हवं कारण एमएचटी-सीईटीचा गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, बाकी विषयांना मराठीची सोय आहे, गणिताला नाही.

ॲडमिशन झाल्यावर अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष समजू नका. सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर आणि 80 टक्के बारावीवर असतात, जेईईला दोन्ही वर्षं पूर्ण. त्या 20 टक्क्यांत सरळ रेषा, वर्तुळ, कॉम्प्लेक्स नंबर, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन, लिमिट असे धडे येतात, आणि बारावीचं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन लिमिट आणि ट्रिग्नॉमेट्रीवरच उभं आहे. टायअपवाल्या, म्हणजे कॉलेजशी संगनमत असलेल्या, क्लासमध्ये घालायचं असेल तर एक गोष्ट विचारून या, अकरावीचं गणित किती महिन्यांत संपवता. नोव्हेंबरमध्ये संपवतो असं अभिमानाने सांगितलं तर जरा थांबा.

फॉर्म भरताना. 2025-26 पासून अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रक्रिया सगळ्या राज्यात आहे, पूर्वी मोठ्या शहरांपुरती होती. त्यात आपण शाखा आणि कॉलेजचा पसंतीक्रम देतो, पण कुठले विषय मिळतील ते त्या त्या कॉलेजवर असतं. म्हणून पसंतीक्रम टाकण्याआधी पहिल्या पाच कॉलेजांना फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन विचारा, कॉमर्सला मॅथ्स आहे का, त्याची वेगळी तुकडी आहे का, आर्ट्सला मिळेल का, बायफोकलने कुठला विषय जातो, मॅथ्सला कायमचे शिक्षक आहेत का. अभ्यासक्रम नव्या धोरणाने बदलतोय, तेव्हा शेजारच्या दादाच्या वेळी काय होतं यावर जाऊ नका, यंदाचं प्रॉस्पेक्टस मागा. ॲडमिशन झाल्यावरही सुरुवातीच्या काही आठवड्यांत विषय बदलून मिळतो, कॉलेजच्या ऑफिसला शेवटची तारीख विचारून कॅलेंडरवर लिहा, कारण पहिल्या चाचणीनंतर मुलाचं मत बदलू शकतं आणि तोपर्यंत ती तारीख गेलेली असते.

आणि ज्यांनी गणित सोडलंय आणि आता पश्चात्ताप होतोय त्यांच्यासाठी, रस्ता बंद नाही, लांब आहे. बारावी पास झाल्यावर राज्य बोर्डातून एकटा गणित विषय आयसोलेटेड म्हणून देता येतो किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतो, पण ज्या कोर्ससाठी हे करताय तो कोर्स असं वेगळं दिलेलं गणित चालवून घेतो का हे त्या कोर्सच्या माहितीपत्रकात आधी वाचा, फी भरायच्या आधी. अभ्यासाला बसताना सुरुवात बारावीच्या पुस्तकाने करू नका. दहावीच्या बीजगणिताचे वर्गसमीकरण आणि भूमितीचे निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती हे धडे, मग अकरावीचं फंक्शन आणि लिमिट, आणि मग बारावी. रोज दीड तास नीट बसलं तर आठ-दहा महिन्यांत माणूस परीक्षेला बसण्याइतका तयार होतो, आणि सोबत शिकवणारं कोणी असेल तर त्याच्याहीआधी.